प्रवाशांची यादी काठावर राहू द्या

मा. बंदरे विकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,
स. न. वि. वि.

मुंबईहून कोकणात पुन्हा बोटीने जाता यावं, ही इथल्या लोकांची जुनी इच्छा. त्यासाठी आपलं खातं धडपडतंय, याचा आनंदच आहे.

भाऊच्या धक्क्यावरून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मालवण करत आगबोट पणजीपर्यंत जायची. बऱ्याच बंदरांत ती धक्क्याला लागतच नसे. बाहेर पाण्यात नांगर टाकायचा आणि पडावातून आलेली पोरंबाळं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, सगळं हेलकाव्याचा अंदाज घेत वर चढवायचं. वर गेल्यावर डेकवर सतरंजी टाकून जागा धरायची. ज्यांना बोट लागायची त्यांचे हाल तर विचारूच नका! या आठवणी लोक हौसेने सांगतात. बुडालेल्या ‘रामदास’ बोटीचा विषय मात्र एका वाक्यात उरकतात.

‘रामदास’ १९३६ साली इंग्लंडात बांधलेली. तिची मालक कंपनी स्वदेशीच्या भरात उभी राहिलेली, लोकांच्या तोंडी ‘माझी आगबोट कंपनी’. १७ जुलै १९४७ ला सकाळी बोट मुंबईहून अलिबागजवळच्या रेवसला निघाली. गटारीसाठी घरी जाणाऱ्यांची गर्दी, त्यात भर पावसाळा. काश्याच्या खडकाजवळ लाटेने बोट कलली, लोक घाबरून एकाच बाजूला धावले आणि काही मिनिटांत ती बुडाली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं, त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ताच लागला नाही. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या घालून जमतील तेवढे जीव वाचवले. सहाशेहून अधिक माणसं गेली. नेमकी किती, यावर आजही आकडे जुळत नाहीत.

१८ डिसेंबर २०२४ ला एलिफंटाच्या वाटेवर ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. पंधरा जीव गेले. कारण अगदी वेगळं, पण बेपत्ता असलेल्यांचा शोध पुढेही काही दिवस चालूच होता.

बोटीवर नेमकं कोण कोण होतं, हे काठावर लगेच कळावं म्हणून मागणी एकच, आणि तिला फारसा पैसाही लागत नाही. बोट गाड्याही नेणारी रो-रो असो की सहलीची, चढणाऱ्या प्रत्येकाचं नाव, वय आणि घरच्यांचा फोन नंबर लिहिला जावा. बिनतिकिटाचं तान्हं मूल आणि खलाशीसुद्धा त्यात यावेत. ती यादी बंदर अधिकाऱ्याच्या हाती पडल्याशिवाय बोटीचा दोर सुटू नये. नुसतं परिपत्रक काढून भागणार नाही. यादी नसेल तर त्या दिवशीची फेरी रद्द, असा नियमच करा.

कळावे,
किनाऱ्यावरचा एक प्रवासी