आधी शेपटाखाली वाकून बघ

चि. चिऊ,
अनेक आशीर्वाद.

तू विकत घ्यायला निवडलेल्या तिन्ही मोटरहोमचे (चाकांवरच्या घरांचे) फोटो पाहिले. पलंग, पडदे, सिंक, शेगडी, अगदी बाथरूममधला आरसासुद्धा दिसला. मागच्या बंपरखालचा फोटो मात्र एकही नाही, म्हणून हे पत्र. तुला रेसची गाडी ट्रेलरवर घालून ओढायची आहे ना? मग ही वस्तू आधी ओढणारी गाडी आहे, घर नंतर. झोपायचं काय, तू लहानपणी टायरवर डोकं ठेवूनही झोपायचीस.

मोठ्या गाडीचा मालक म्हणाला, "आम्ही कायम मागे कार जोडून फिरायचो." ते खरं असेल, पण कशी जोडून, हे तू विचारलं नाहीस. बरेच जण छोटी कार तिच्याच चार चाकांवर मागून ओढत नेतात. तिचा भार हूकवर जवळजवळ पडतच नाही. ट्रेलरचं तसं नसतं. तुझा हिशेब मांडू: उघडा ट्रेलर 700 किलो, गाडी 1,250, चाकं-जॅक-हत्यारं-पेट्रोल धरून 250. झाले 2,200. ट्रेलर रस्त्यावर डुलू नये म्हणून त्यातला साधारण दहावा हिस्सा पुढे हूकवर ठेवावा लागतो, म्हणजे 220 किलो.

आता सी-सॉ आठव. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर, 4 मीटर, आणि मागच्या एक्सलपासून हूक 3 मीटर मागे, असं समज. मागच्या एक्सलवर 220 नाही, 385 किलो वाढतात आणि पुढच्या एक्सलवरचे 165 उतरतात. म्हणजे स्टिअरिंगची चाकं हलकी होतात आणि घर बांधताना आधीच भरत आलेला मागचा एक्सल मर्यादेबाहेर जातो. लांब शेपटाच्या, म्हणजे मागच्या एक्सलच्याही मागे बरीच पसरलेल्या, गाडीत पलंग ऐसपैस मिळतो, त्याची किंमत ही. वळताना ते शेपूट शेजारच्या खांबाला लागतं ते वेगळंच.

शिवाय ते शेपूट बहुतेक वेळा मूळ चासीचं (गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचं) नसतं. घर बांधणारे मागे पट्ट्या वेल्डिंग करून चासी लांबवतात आणि हूक त्या पट्ट्यांना बोल्ट करतात. माझी पहिली गाडी अशीच होती. एका उतारावर ट्रेलरचे दिवे अचानक गेले. फ्यूज उडाला असेल म्हणून उतरलो, तर वायर ताणून तुटलेली, आणि ती ताणली गेली कारण चासीचा जोड चार बोटं खाली बसला होता. वेल्डिंगवर बोटभर चीर होती. विकणाऱ्याने वरून ताजा काळा रंग मारला होता. दिवे गेले नसते तर मी तसाच पुढे गेलो असतो. म्हणून सांगतो, जुन्या गाडीखाली फक्त जोडापुरताच नवा रंग दिसला, तर सौदा तिथेच थांबव.

मर्यादा तीन ठिकाणी वाचायच्या: गाडीचं भरलेलं वजन, गाडी आणि ट्रेलर मिळून कंपनीने दिलेलं एकत्रित वजन, आणि हूकच्या पट्टीवर ठोकलेला आकडा. तिन्हींतून ट्रेलरसाठी उरणारा सगळ्यात लहान आकडा तुझा. हूकवर 5,000 पौंड लिहिलं असेल तर ते 2,268 किलो, म्हणजे तू जेमतेम आत. बंद पेटीचा ट्रेलर घ्यायचं स्वप्न असेल तर ते या हूकवर नाही. आणि "रिकाम्या गाडीचं वजन" या शब्दांवर जाऊ नकोस. 150 लिटर पाणी म्हणजे 150 किलो. पाणी, इंधन, सामान भरून वजनकाट्यावर घालायला सांग, दोन्ही एक्सल वेगवेगळे.

ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. ते इलेक्ट्रिक असतील तर गाडीत त्यांचा कंट्रोलर आणि सात पिनांचं सॉकेट आहे का ते बघ. चारच पिना म्हणजे फक्त दिवे.

तिघींपैकी फियाटच्या डुकाटो व्हॅनवर बांधलेली दिसायला गोड आहे, पण तिची पुढची चाकं ओढतात आणि तीच तू हूकवरच्या भाराने हलकी करणार. ओल्या गवतावर ती जागच्या जागी चाकं फिरवत बसेल. मोठ्या शेव्हरोलेचं 454 घन इंचांचं इंजिन ताकदवान आहे, पण शेपूट फार लांब. माझं मत त्या कुरूप फोर्ड ई-450 ला: आखूड, मागे जोडचाकं. तिच्या व्ही-10 इंजिनाचं एक दुखणं मात्र माहीत असू दे. सुरुवातीच्या वर्षांत स्पार्क प्लगच्या भोकांना आटे फार कमी होते, त्यामुळे प्लग आट्यांसकट उडून बाहेर यायचे. आटे दुरुस्त केलेत का, कधी, ते विचार. गिअरबॉक्सची डिपस्टिक काढून वास घे. तेल काळं आणि जळका वास असेल तर तिने आधीच कुणाचं तरी ओझं ओढून कंबर मोडून घेतली आहे.

टायरच्या नक्षीवर विश्वास नको, या गाड्या धावतात कमी आणि उभ्याच जास्त राहतात. कडेवरचे शेवटचे चार आकडे वाच: 3112 म्हणजे 2012 चा 31 वा आठवडा. असे सहाच्या सहा टायर बदलायचे आहेत असं धरूनच भाव कर. जोडचाकातलं आतलं टायरही वाच, लोक ते मुद्दाम विसरतात.

घराचं थोडक्यात. पाणी हा एकच शत्रू. ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या पलंगाचे पुढचे कोपरे, छतावरच्या झरोक्यांच्या कडा, दाराजवळची जमीन, सगळीकडे अंगठ्याने दाब. मऊ लागलं की निघ. फ्रिजमधून अमोनियाचा वास आला तर तो गेला. बाकी शेगडी-पडदे तू निस्तरशील.

आणि चाचणीला स्वतःचा ट्रेलर भरून घेऊन जा. मालक नाही म्हणाला तर त्याला कारण माहीत असणार. चढावर तापमानाचा काटा बघ, उतारावर खालच्या गिअरमध्ये ये.

टेप, टॉर्च आणि जुनी सतरंजी पार्सलने पाठवतोय. सतरंजी गाडीखाली आडवं पडायला आहे, पलंगावर टाकायला नाही. आई विचारते, पलंगाची लांबी किती? तीही मोजून कळव, पण आधी एक्सल ते हूक.

तुझा,
बाबा