राजीनाम्याचे खरे कारण कळू द्या

सातपूर-अंबडचा कारखाना असो की शहरातली पतसंस्था, वरिष्ठ अधिकारी अचानक जातो आणि मागे ‘वैयक्तिक कारणास्तव’ एवढेच उरते. आजारपण किंवा घरची अडचण कोणी चव्हाट्यावर मांडू नये. पण वित्तप्रमुख हिशेबावरून खटका उडाल्याने गेला असेल, तर ते ठेवीदाराला कळायलाच हवे. निवृत्तीची सगळी पुंजी त्याने तिथे ठेवलेली असते.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०२३च्या नियमदुरुस्तीनुसार अशा अधिकाऱ्याचे राजीनामापत्र, त्याने दिलेल्या सविस्तर कारणांसह, राजीनामा अमलात आल्यापासून ७ दिवसांत जाहीर करावे लागते. पतसंस्थांना हा नियम लागू नाही. सहकार खात्याने निदान ते पत्र वार्षिक सभेपुढे ठेवण्याची सक्ती करावी.

– एक ठेवीदार, नाशिक रोड