उपकेंद्रातले काम फील्डवर्क का धरत नाहीत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन पदव्यांची खिल्ली उडवणारे एका निवृत्त प्राध्यापकांचे पत्र आपण मध्यंतरी छापले होते. 'घरी बसून फी भरायची आणि घरी बसूनच पास व्हायचे' असा त्यांचा एकूण सूर. मोबाइलवर या पदव्यांच्या जाहिराती ज्या संख्येने आदळतात, ते पाहता त्यांची चीड समजते. पण बोलता बोलता 'आता दवाखान्याचे शिक्षणही मोबाइलवर' असा टोला त्यांनी सार्वजनिक आरोग्यालाही हाणला, म्हणून लिहितो आहे. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यात एका सरकारी आरोग्य उपकेंद्रात आरोग्य सेवक आहे. गावात आम्हाला अजून 'मलेरियावाले' म्हणतात. रक्ताचे नमुने घेणे, घरोघर पाण्याची भांडी तपासणे, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली का ते ओटी टेस्टने, म्हणजे पाण्यातल्या क्लोरीनच्या चाचणीने, बघणे, हे माझे रोजचे काम. ते सांभाळून सार्वजनिक आरोग्य आणि आरोग्य समता या विषयाची पदव्युत्तर पदवी ऑनलाइन करतो आहे. शेवटचे सत्र चालू आहे.

आधी एक गैरसमज. डॉक्टरकी, नर्सिंग, फार्मसी, फिजिओथेरपी हे ऑनलाइन शिकवायला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांतच मनाई आहे. २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्र आणि पोषण हेही त्या यादीत गेले. तेव्हा मोबाइलवर टाके घालायला कोणी शिकत नाही, प्राध्यापकांनी निश्चिंत राहावे. मान्यता असलेली ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरावी, हेही त्याच नियमांत आहे. ज्यांना असे शिक्षण घ्यायचे आहे त्यांनी विद्यापीठ आणि अभ्यासक्रम, दोन्हींची नावे आयोगाच्या त्या सत्राच्या यादीत आहेत का ते पाहूनच पैसे भरावेत. फोनवरच्या गोडबोल्या समुपदेशकाच्या शब्दावर जाऊ नये, ते कमिशनवर असतात.

आता या अभ्यासक्रमात शिकवतात काय? रोग कोणाला होतो, कोणाला होत नाही, का होत नाही, आणि यातला कोणता फरक टाळता आला असता, हे मोजायला शिकवतात. बीडच्या माणसाला यासारखा जवळचा विषय दुसरा नसेल. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांवरून आपला जिल्हा देशभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षणात ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले, म्हणजे शंभरात जवळपास सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा देशाचा आकडा त्याआधी तीन टक्क्यांच्या आसपास होता. हे दोन आकडे शेजारी ठेवून तेव्हा चहाच्या टपरीपासून पंचायत समितीपर्यंत सगळीकडे भांडणे झाली. एक बाजू म्हणे डॉक्टरांनी लुटले, दुसरी म्हणे जिल्ह्याची बदनामी चालली आहे.

संख्याशास्त्राच्या तासाला आमच्या मॅडम अशा वेळी पहिला प्रश्न विचारतात: छेदात कोण आहे? राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या सगळ्या बायका असतात, लग्न न झालेल्या पोरीसुद्धा. कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, जाणाऱ्या बायकांचा वयोगट वेगळा. आधी वये जुळवा, मग फरक किती उरतो ते सांगा. बदनामीची ओरड करणाऱ्यांना हे ऐकायला बरे वाटेल, पण पुढचा प्रश्न त्यांना आवडणार नाही. उरलेला फरक आला कुठून? त्याचे उत्तर निव्वळ शस्त्रक्रियेच्या खोलीत सापडत नाही. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल, म्हणजे मुकादमाने (मजुरांच्या ठेकेदाराने) दिलेली आगाऊ रक्कम, जोडीवर. एकाने दिवस बुडवला की खाडा, म्हणजे दंड, आणि तो उचलीवर चढतो. फडात संडास नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर. अंगावरून जायला लागले तरी हंगामभर दुखणे तसेच काढायचे. गावी परतल्यावर एखाद्या खासगी दवाखान्यात कोणी 'पिशवी काढून टाका, कटकट मिटेल' म्हटले की बाईला ते खरे वाटते, कारण पुढच्या हंगामात पुन्हा खाडा परवडणार नसतो. ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाच्या वेल्समधल्या डॉक्टरने १९७१ मध्ये लिहून ठेवले की चांगली वैद्यकीय सेवा गरजेच्या उलट्या प्रमाणात मिळते, ज्याला जास्त लागते त्याला कमी. तो खाणकामगारांच्या गावात काम करत होता. त्याचे ते पान मी आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या बाकावर बसून वाचले, आणि समोरच्या रांगेत कोण उभे आहे ते बघितले.

छेदाचा प्रश्न एकदा डोक्यात शिरला की स्वतःचे रजिस्टरही सुखाने वाचता येत नाही. आमच्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. गेल्या हंगामाच्या तोंडावर लसीकरणाच्या दिवशी एक बाई लेकरू काखेत घेऊन आमच्या सिस्टरपाशी आली. "ताई, ह्याचं गोवराचं आजच टोचून टाका, उद्या गाडी निघायली." लेकरू साडेआठ महिन्यांचे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पुरे झाल्यावर असतो, आधी देता येत नाही. सिस्टरने कार्डावर तारीख लिहून दिली, "तिकडं गेल्यावर आशाताईला हे दाखवा" म्हणून सांगितले. बाईने कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून पेटीच्या तळाशी घातले असणार, कारण आधार, रेशन कार्ड सगळे तिथेच असते. तिकडे म्हणजे कुठे, हे तिलाही नक्की माहीत नव्हते. मुकादमाला माहीत होते.

आता हिशेब बघा. आमच्या नोंदीत ते लेकरू 'स्थलांतरित' झाले. कारखान्याच्या बाजूच्या सिस्टरच्या उद्दिष्टात ते कधी नव्हतेच. अंशातही नाही, छेदातही नाही. दोन्ही तालुक्यांची टक्केवारी झकास, आढावा बैठकीत दोघांचीही पाठ थोपटली जाते. मिशन इंद्रधनुष २०१४ पासून अशाच सुटलेल्या लेकरांसाठी आहे, कोप्यांवर (ऊसतोड मजुरांच्या झोपड्यांवर) जाऊन लसीकरणाची सत्रेही होतात, हे मान्य. यू-विन या लसीकरणाच्या सरकारी पोर्टलवर आता कुठेही टोचले तरी नोंद होते, तेही खरे. पण कोणत्या कोपीत कोणते लेकरू येऊन राहिले आहे, हे तिकडच्या माणसाला आधी कळले तर ना! सत्र सगळ्यांसाठी खुले ठेवले की समता झाली, असे आमच्या खात्याला प्रामाणिकपणे वाटते. मलाही वाटत होते.

हे शिकायला मला पुण्या-मुंबईला दोन वर्षे राहणे शक्य नव्हते. बिनपगारी रजा कोण देणार आणि घरचे काय खाणार? रात्री आठचा तास, तोही नेटवर्क असले तर. परीक्षेला कॅमेरा चालू ठेवावा लागतो. एकदा आई नेमकी चहा घेऊन आत आली आणि पडद्यावर 'खोलीत दुसरी व्यक्ती आढळली' अशी तंबी झळकली. आई अजून विचारते, तुझ्या कॉलेजाला माझं काय वावडं? पण हे सगळे चालते. लाइट, नेटवर्क, इंग्रजी यांच्याशी माणूस झुंजतो.

खटकते ते वेगळेच. आमच्या विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे प्रत्यक्ष क्षेत्रकाम (फील्डवर्क) 'मान्यताप्राप्त संस्थेत' सलग काही आठवडे करावे लागते, आणि ती यादी मोठ्या शहरांतल्या संस्थांची आहे. मी विचारले, माझे उपकेंद्र चालेल का? उत्तर आले, नोकरी आणि क्षेत्रकाम एक धरता येत नाही. म्हणजे धारूरच्या डोंगरावरून वाड्या-तांडे फिरणाऱ्या माणसाने रजा टाकून शहरात जायचे, तिथल्या वातानुकूलित कार्यालयात बसायचे, आणि तिथून कोणी तरी त्याला ग्रामीण आरोग्याचा अनुभव आल्याचे प्रमाणपत्र द्यायचे! त्यांची बाजू मला कळते. नोकरीच धरली तर कोणीही वरिष्ठाची सही आणून देईल आणि नवीन काही शिकणार नाही. पण त्याला उपाय आहे. काम त्याच गावात करू द्या, प्रश्न नवा द्या, आणि देखरेख बाहेरची ठेवा. आमच्यापासून जवळच अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरला शासकीय महाविद्यालये आहेत. प्रत्येक ठिकाणी जनऔषधवैद्यक शास्त्राचा (कम्युनिटी मेडिसिनचा) विभाग आहे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर आहे. मराठवाड्यातल्या मराठवाड्यात परीक्षक मिळतील.

आमच्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या जामखेडला १९७० मध्ये रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य आले. सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण त्यांनी अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्सला घेतले होते. त्यांनी गावातल्या निरक्षर बायकांना आरोग्याचे काम शिकवले आणि पुढे जगभरचे लोक ते बघायला जामखेडला येऊ लागले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळाले. त्या काळी शिकलेल्यांना गावात आणावे लागत होते. आता गावात काम करणारा स्वतःच शिकतो म्हणतो, तर त्याला शहरात बोलावतात.

दुसरी अडचण आमच्या घरची, म्हणजे खात्याची. शिकायला ना हरकत मिळाली, सेवापुस्तकात पदवीची नोंदही होईल. पुढे? आरोग्य सहाय्यक, मग पर्यवेक्षक, सगळे सेवाज्येष्ठतेने. नोंदीचा उपयोग शून्य. केंद्राने २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्यासाठी स्वतंत्र संवर्गाची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांना दिली. तामिळनाडूत तर सार्वजनिक आरोग्याचे संचालनालयच वेगळे आहे आणि तिथला कायदा १९३९ चा. आमचे एक साहेब मात्र हसून विचारतात, "एवढं शिकून काय कलेक्टर व्हायचंय का?" साहेब, कलेक्टर नको. तालुक्याच्या मासिक आढाव्यात टक्केवारीच्या शेजारी स्थलांतरितांचा वेगळा रकाना घाला आणि तो भरायचे काम मला द्या. यासाठी पगारवाढ मागत नाही.

आणि भाषेचे म्हणाल, तर १९८९ पासून नोकरदारांना घरबसल्या शिकवणारे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच राज्यात आहे. सार्वजनिक आरोग्य पदव्युत्तर पातळीपर्यंत मराठीतून शिकवण्याचे त्यांनी मनावर घ्यावे. आमच्या सिस्टर माझ्यापेक्षा हुशार आहेत, बीए झाल्या आहेत. पण संख्याशास्त्राचे इंग्रजी पुस्तक बघून त्यांनी ते मिटून मला परत दिले.

माझ्या प्रबंधाचा विषय हंगामावर जाणारी लेकरे हाच आहे. यंदा टोळ्या निघण्याआधी सिस्टर आणि मी मुकादमनिहाय यादी करतो आहोत: लेकराचे वय, कोणता डोस कोणत्या तारखेला, गरोदर बायका किती, टोळी कोणत्या कारखान्यावर. मुकादम सुरुवातीला बिचकले, पण आता नावे देतात. ही यादी त्या त्या जिल्ह्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे आमच्या जिल्हा परिषदेने पाठवावी, असा अर्ज तालुक्याला दिला आहे. ती कोणाच्या सहीने जाईल यावर सध्या फाइल अडली आहे, आणि कारखान्यांचे बॉयलर पेटायला फार दिवस उरलेले नाहीत.

आपला,
एक आरोग्य सेवक
ता. धारूर, जि. बीड
(नोकरीमुळे नाव छापू नये, ही विनंती.)