जोखीम कोणी उचलायची

चि. लेकीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा मी दोनदा वाचला. यंत्रांची कंपने मोजून बिघाडाची आगाऊ सूचना देणारे तुझे उपकरण उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला लिहायचे आहे ते शेवटच्या दीड पानाविषयी, जिथे तू किमतीचे तीन पर्याय मांडून मधला निवडला आहेस. उपकरण कारखान्याने विकत घ्यायचे की भाड्याने, पैसे आधी द्यायचे की मागाहून, सूचना चुकली तर नुकसान कोणी सोसायचे, हे ठरल्याशिवाय किमतीच्या आकड्याला काही अर्थ येत नाही. तू आणि ग्राहक कारखाना, या दोघांपैकी कोणती जोखीम कोणी उचलायची, हाच मला कोणत्याही बिझनेस मॉडेलचा गाभा वाटतो.

1959 साली हॅलॉइड झेरॉक्स कंपनीने साध्या कागदावर प्रती काढणारे 914 हे यंत्र आणले. ते इतके महाग होते की विकत घ्यायला फारशी कार्यालये पुढे आली नसती. म्हणून कंपनीने ते महिना 95 डॉलर भाड्याने दिले. त्यात 2,000 प्रती धरलेल्या होत्या आणि पुढच्या प्रत्येक प्रतीला 4 सेंट पडत. यंत्र पडून राहिले तर काय, ही ग्राहकाची भीती कंपनीने स्वतःकडे घेतली, आणि लोक अंदाजापेक्षा कितीतरी अधिक प्रती काढू लागल्यावर त्याचे फळही तिलाच मिळाले. 1962 साली ब्रिस्टल सिडली कंपनीने लहान जेट विमानांच्या वायपर इंजिनांसाठी हाच विचार पुढे नेला. देखभालीचे बिल दर वेळी वेगळे लावण्याऐवजी तिने उड्डाणाच्या तासामागे ठरावीक दर घेतला, त्यामुळे इंजिन कमीत कमी बिघडावे यात विमानमालकाइतकाच तिचाही फायदा राहिला.

तुझ्या ग्राहकालाही अखंड चालणारे यंत्रच हवे आहे, तेव्हा भाड्याचा मार्ग तुला ओढ लावील. पण त्याआधी रोख पैशाचा हिशेब मांड. समजा, एका उपकरणाचा आणि ते बसवण्याचा खर्च 18 महिन्यांच्या भाड्याइतका आहे. मग प्रत्येक नवा ग्राहक म्हणजे दीड वर्ष अडकून पडलेले भांडवल. ग्राहक जितक्या वेगाने वाढतील तितक्या वेगाने तुझी तिजोरी रिकामी होईल, आणि दहाव्या महिन्यात सोडून जाणारा ग्राहक निव्वळ तोट्यातच टाकून जाईल. सुरुवातीला अनामत घेणे किंवा बसवण्याचा खर्च वेगळा आकारणे, हे दोन्ही उपाय मला योग्य वाटतात. नफा कागदावर दिसत असतानाही उद्योग बंद पडू शकतो, म्हणून हा तक्ता महिनावार कर.

दुसरी गोष्ट मी स्वतः चुकले तिथली आहे. माझ्या देखभाल सेवेत मी एक ठरावीक वार्षिक रक्कम घेऊन हव्या तितक्या फेऱ्या देण्याचे कबूल केले होते. पहिल्या वर्षी करार भराभर झाले आणि मी त्याला यश समजले. प्रत्यक्षात ज्यांची यंत्रे जुनी आणि सतत बिघडणारी होती तेच सर्वांत आधी आले होते; चांगल्या यंत्रांच्या मालकांना माझा दर महाग वाटत होता. कोणाची जोखीम मी पत्करते आहे हे मी पाहिलेच नव्हते. यंत्राचे वय आणि स्थिती तपासून दर ठरवायला हवा, हे मला दुसऱ्या वर्षाच्या मध्यालाच कळले होते, तरी जुन्या ग्राहकांना वाईट वाटेल म्हणून मी आणखी वर्षभर थांबले. त्या वर्षाने माझ्या दोन कुशल तंत्रज्ञांना थकवून घालवले, याचे दुःख मला पैशाहून अधिक आहे.

म्हणून बिझनेस मॉडेल बदलण्याची वेळ कशी ओळखायची, हे आधीच ठरवून ठेव. नेटफ्लिक्सने 1998 साली एकेक डीव्हीडी भाड्याने देऊन आणि विकून सुरुवात केली आणि 1999 साली मासिक वर्गणी आणली; डीव्हीडी त्याच होत्या, बदलली ती पैसे घेण्याची रीत. तुझ्याही आराखड्यात ज्यावर सगळे उभे आहे अशी गृहीतके शोध. मला तरी सर्वांत कच्चे हे वाटते, की यंत्र सुरळीत चालू असतानाही कारखानदार दर महिन्याला पैसे देत राहील. न घडलेल्या बिघाडासाठी पैसे देणे माणसाला जड जाते. हे विचारून कळणार नाही. पाच कारखान्यांकडून सहा महिने खरे पैसे घेऊनच कळेल. त्यांपैकी किती जणांनी सातव्या महिन्याचे भाडे भरले तर भाड्याचा मार्ग ठेवायचा आणि किती जणांनी थांबवले तर विक्रीकडे वळायचे, तो आकडा उपकरणे बसवण्याच्या आधी लिहून ठेव. त्या काळात दर आणि कराराच्या अटी दोन्ही एकाच वेळी बदलू नकोस, नाहीतर कशामुळे काय झाले ते उमगणार नाही.

महिनावार तक्ता तयार झाला की पाठव. अनामतीची रक्कम आपण दोघी मिळून काढू.

तुझी,
आई