इचलकरंजीच्या काकू, तुमचे आभार मानायचे राहिलेत

काकू, नमस्कार.

हे तुम्ही स्वतः वाचाल असं वाटत नाही, पण तुमची लेक वाचते आणि ती तुम्हाला फोनवर मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय राहणार नाही. एअरपोर्टला निघताना त्या गडबडीत माझ्या तोंडून नुसतं "थँक्यू काकू" एवढंच निघालं आणि तुम्ही "बरं बरं, पोरीचे केस विंचर आधी" म्हणून गाडीत बसलात पण! तुम्ही आमचे कपडे शिवून दिलेत, ते तेवढ्यावर सोडून द्यायचं तर मला चैन पडणार नाही. म्हणून चार लोकांसमोर लिहितेय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आम्ही पिट्सबर्गजवळ राहतो. इथून उत्तरेला साधारण तासाभरावर स्लिपरी रॉक नावाचं गाव आहे (हो, खरंच हेच नाव), तिथल्या कूपर्स लेकच्या कॅम्पग्राउंडवर दरवर्षी जुलैच्या शेवटी ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेन्सिक वॉर भरतं. एससीए म्हणजे सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम ही मध्ययुग हौसेने जगून बघणाऱ्यांची संस्था १९६६ साली बर्कलीत एका घराच्या मागच्या अंगणातल्या पार्टीतून सुरू झाली, तारीख १ मे, म्हणजे आपला महाराष्ट्र दिन! त्यांचं हे सगळ्यात मोठं युद्ध, १९७२ पासून चाललेलं. युद्ध म्हणजे वेताच्या तलवारी, खरी चिलखतं, पूर्वेचं राज्य विरुद्ध मध्य राज्य (संस्थेतली लुटुपुटीची राज्यं, त्यांना राजाराणी पण असतात), आणि जुना विनोद असा की जो हरेल त्याच्या गळ्यात पिट्सबर्ग बांधायचं. आम्ही पिट्सबर्गवाले हसतो त्यावर, काय करणार. दहा हजारांच्या आसपास माणसं येतात, तंबू ठोकून राहतात, नाच, स्वयंपाक, विणकाम, लोहारकाम सगळं चालतं. नियम एकच, गेटच्या आत अंगावर सतराव्या शतकाआधीचे कपडे हवेत, निदान तसा प्रयत्न तरी दिसला पाहिजे.

आमच्या ह्यांना ऑफिसमधल्या एकाने त्या वेताच्या तलवारीचा नाद लावला आणि मग बायको आणि पोरगी पण ओघाने आलीच. आता तिघांचे कपडे, आणि वर आमच्या कॅम्पच्या वाट्याला आलेली भेटवस्तूंची टोपली. तिथे राणीला हाताने केलेल्या छोट्या छोट्या वस्तू भरून टोपली देतात, मग ती त्यातल्या वस्तू लोकांना बक्षीस म्हणून वाटते, लार्जेस म्हणतात त्याला. विकतचं चालत नाही असं नाही, पण विकतचं कोणी देत नाही.

तुमच्याआधी काय काय झालं ते तुम्हाला मी सगळं सांगितलं नव्हतं काकू, लाज वाटत होती म्हणून नाही, तर तुम्ही चिडला असता म्हणून. एका ऑनलाइन दुकानातून "ऑथेंटिक मेडिव्हल लिनन ड्रेस" मागवला, आला तो चकचकीत सॅटिनचा, मागे चेन आणि कंबरेला इलॅस्टिक, दोनदा मेल केल्यावर त्यांनी मला वीस टक्क्यांचं कूपन पाठवलं, पुढच्या खरेदीसाठी! मग इथल्याच एका अल्टरेशनवाल्या बाईंकडे चांगलं सहा वार लिनन नेऊन दिलं, अ‍ॅडव्हान्स दिला, त्यांनी न धुता कापड कापलं, तेही मापाला एकदम कडेकडेने, आणि पंधरा दिवसांनी "हे आमच्याच्याने होणार नाही" म्हणून तुकडे पिशवीत घालून परत दिले. अ‍ॅडव्हान्स अर्थातच गेला. आणि आपल्या लोकांचं तर काय सांगू. एका घरी गणपतीच्या आरतीनंतर मी जरा विषय काढला की कोणाला शिवण येतं का, तर सगळ्या बायका हसायला लागल्या, या वयात फॅन्सी ड्रेस का ग, नऊवारी नेस की सरळ, हल्लोवीन लवकर आलं वाटतं. बरं हसा, हसण्याचं काही नाही, पण त्यातल्या दोघींकडे शिलाई मशीन आहे आणि एकीने तर माझ्याकडून बाळाच्या बारशाचं सगळं डेकोरेशन फुकटात करून घेतलंय.

त्या घोळक्यात मागे तुम्ही बसला होतात. लेकीकडे नुकत्याच आलेल्या, कोणाची फार ओळख नाही. हसला नाहीत. चपला घालताना मला बाजूला घेऊन विचारलंत, "कापड कसलं आहे?"

हा प्रश्न त्याआधी मला एकानेही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही घरी आलात, ते सॅटिन हातात घेतलं, कडेचा एक दोरा ओढून काढला आणि गॅसपाशी नेऊन पेटवला. वितळून काळी टणक गोळी झाली. मग लिननचा दोरा पेटवला, तो कागदासारखा जळाला, करडी राख उरली, ती तुम्ही बोटांत चुरडून मला दाखवलीत. "शेकोटीजवळ बसणार ना तुम्ही? मग हे पोरीच्या अंगावर घालायचं नाही." विषय संपला. आयुष्य इचलकरंजीत मागांच्या खडखडाटात गेलेल्या बाईला कापडाचं लेबल वाचावं लागत नाही हे मला त्या दिवशी कळलं.

नंतरचं सगळं सांगत बसत नाही. लिनन आधी कढत पाण्यात धुऊन ड्रायरमध्ये आटवून घेतलं, मग तुम्ही बेतलं, आणि त्या बाईंनी वाया घालवलेल्या तुकड्यांतून सुद्धा ह्यांच्या अंगरख्याच्या बाह्या निघाल्या. मी तुम्हाला लॅपटॉपवर ग्रीनलंडमधल्या हेर्योल्फ्सनेसचे झगे दाखवले होते, आठवतंय ना? १९२१ साली डॅनिश लोकांनी तिथल्या चर्चच्या दफनभूमीत खोदकाम केलं तेव्हा गोठलेल्या जमिनीत हे लोकरीचे कपडे टिकून राहिलेले सापडले, आता कोपनहेगनच्या म्युझियममध्ये आहेत. इथली शिवणारी मंडळी त्यांचे पॅटर्न अगदी पोथीसारखे वापरतात, मी महिनाभर ते पॅटर्न बघून डोकं धरून बसले होते. तुम्ही चष्मा लावून दोन मिनिटं बघितलं आणि म्हणालात, "अगं कळ्या घातल्यात. इथे दोन, इथे दोन, पुढे मधे. आणि काखेत जागा सोडल्ये. यात काय अवघड आहे?" माग अरुंद, कापड महाग, म्हणून चौकोन आणि त्रिकोणच कापायचे, चिंधी उरता कामा नये, हे तुम्हाला समजवायला लागलंच नाही, उलट तुम्हीच मला समजावलंत.

मग खाली लहान मुलांच्या कपड्यांचा फोटो आला. तुम्ही विचारलंत हे एवढे कसे टिकले, मी सांगितलं की तिथे लाकडाची टंचाई होती त्यामुळे पेट्यांऐवजी बरीच माणसं अशी कपड्यांतच गुंडाळून पुरली होती. तुम्ही काही बोलला नाहीत. फोटो मोठा करून त्या छोट्या झग्याची खालची कड बघत राहिलात बराच वेळ, मग म्हणालात, "चला, चहा टाका."

भेटवस्तूंच्या टोपलीचं तर तुम्ही मला सांगूच दिलं नाहीत. उरलेल्या तुकड्यांचे बटवे, सुया ठेवायच्या घड्या, आणि त्या बटव्यांना ओढायला गोफ. इथे बोटांत फासे अडकवून गोफ विणायच्या कृती पंधराव्या शतकातल्या इंग्रजी हस्तलिखितांत आहेत म्हणून क्लास चालतात, मी तशा क्लासला बसले आहे, हाताला मुंग्या येतात. तुम्ही टीव्हीवर मालिका बघत बघत खिडकीच्या कडीला दोरा अडकवून विणत होतात. कॅम्पातल्या आमच्या शेजारच्या तंबूतली बाई, तीस वर्षं या गोष्टी करतेय, तिने एक गोफ उलटसुलट करून बघितला आणि विचारलं की ही कुठली पद्धत. मी म्हटलं कोल्हापूर जिल्हा. तिने वहीत लिहून घेतलं!

पण काकू, हे पत्र खरं म्हणजे पोरीच्या झग्यासाठी आहे.

तिथे पाऊस झाला, पेन्सिकला पाऊस होतोच, आणि चिखलात तिच्या झग्याची खालची कड पार माखली. रात्री तंबूत कंदिलाच्या उजेडात ती धुवायला म्हणून मी कड उलटी केली तर आत दुमडीवर दुमड. एकाखाली एक अशा तीन, आणि प्रत्येकीवर वेगळ्या रंगाचा धावदोरा. लाल, मग हिरवा, मग पिवळा. बाहेरून काहीही दिसत नव्हतं, बाहेर तुमची ती बारीक तुरपाई. बाह्या बघितल्या, तिथे पण तेच. बगलेत हात घातला, दोन्हीकडे चांगली दोन बोटं माया, म्हणजे शिवणीच्या आत जादा कापड, सोडलेली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, पोरगी वाढली की लाल उसवायचा, आणखी वाढली की हिरवा. मी तुम्हाला एकाच वर्षासाठी म्हणून शिवायला सांगितलं होतं. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, चिठ्ठी नाही, काही नाही. तुमच्या लेकीला फोन केला तर ती म्हणाली, अगं आईचं ते नेहमीचंच आहे, माझे शाळेचे परकर असेच असायचे.

मी तिथे बसून रडले, खरं सांगते. ह्यांना वाटलं तंबू गळतोय.

कारण काय आहे ना, ज्या बाईंनी पैसे घेतले त्यांनी अर्ध्या इंचाची पण माया सोडली नव्हती. आणि तुम्ही, ज्यांना मी पैसे द्यायला गेले तर "व्हिसावर आल्ये मी, कामाला नाही" म्हणून पाकीट माझ्याच पर्समध्ये कोंबलंत, तुम्ही माझ्या पोरीची पुढची तीन वर्षं त्या कडेत शिवून ठेवलीत. हे जे तलवारी आणि तंबू आणि राजाराणी आहे ते तुम्हाला पटलं होतं असं मला अजिबात वाटत नाही, तुम्ही एकदा तुमच्या जावयांना हळूच विचारलंतही होतं की हे लोक नोकऱ्या करतात ना. पण आम्ही परत जाऊ, पोरगी मोठी होईल, तिला ते हवं असेल, एवढा विचार आमच्या वतीने तुम्ही करून टाकलात. समोरच्याची हौस आपल्याला कळत नसली तरी तिची टर उडवायची नाही, जमेल तेवढा हातभार लावायचा, ही साधी माणुसकी इतकी दुर्मिळ का झालीये कोण जाणे. बरं, त्या हसणाऱ्या मंडळींनी नंतर फोटोंवर बदाम टाकले हो, आणि एकीने मेसेज करून विचारलंय की कुठून शिवून घेतलं, नंबर दे ना. नाही दिला.

ह्यांचा अंगरखा एका खांद्यावर उसवला, पण तो चिलखताने, तुमच्या शिवणीने नाही, मीच उलटी टीप घालून नीट केला, तुम्हाला चालेल अशी आहे की नाही ते फोटोत बघून सांगा. टोपलीतला एक बटवा मी ठेवून घेतलाय, तेवढी चोरी माफ करा. आणि तुमचा जावई दिवाळीत येतोय इचलकरंजीला, त्याच्या बॅगेत पाच वार लिनन देतेय, नाही म्हणू नका, ते धुऊन आटवलेलं आहे.

पुढच्या वेळी इकडे येताना मुक्काम ऑगस्टपर्यंत ठेवा. तंबूत गादी घालू, चहाचं सगळं नेऊ, त्या शेजारच्या बाईला तुमच्याकडून गोफ शिकायचाय. साडीवर आलात तरी गेटवर कोणी अडवणार नाही, पण तुमच्यासाठी एक झगा शिवायची माझी फार इच्छा आहे, वाईट झाला तर उसवून परत शिवेन. फक्त मापं पाठवा काकू, छाती, दंड, आणि खांद्यापासून घोट्यापर्यंत उंची, आणि कृपा करून इंचात.