जुन्या मदतलेखांतील बंद लिंकबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

इचलकरंजीत आमचे कर सल्लागाराचे कार्यालय आहे. यंत्रमागवाल्यांची आणि सूत व्यापाऱ्यांची जीएसटीची कामे आम्ही आपल्याच सॉफ्टवेअरवर करतो. एएमसी, म्हणजे वार्षिक देखभाल शुल्क, वेळच्या वेळी भरतो.

आमच्या एका अशिलाकडे जीएसटी विभागाने २०२१-२२ ची खरेदी-विक्रीची खाती मागितली आहेत. तो डेटा आपल्या जुन्या आवृत्तीतला. नव्या आवृत्तीत उघडायचा तर आधी कन्व्हर्टर चालवावा लागतो, आणि तो कसा चालवायचा हे सांगणारा मदतलेख आपल्या साइटवर आहे. म्हणायला आहे. चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात. तिसऱ्या पायरीतल्या 'येथून डाउनलोड करा'वर क्लिक केले की आपले मुखपृष्ठ उघडते आणि नव्या प्लॅनची जाहिरात तोंडावर येते. त्यापेक्षा '४०४' दिसले असते तर बरे. फाइल तिथे नाही एवढे तरी कळले असते. आमची ऑपरेटर मुलगी स्वतःचेच काही चुकतेय समजून पुन्हा पुन्हा क्लिक करत बसली. त्याच लेखातली प्रिंटर ड्रायव्हरची लिंक तर ऑनलाइन रमीच्या साइटवर जाते!

हेल्पलाइनचे उत्तर: 'सर, ब्राउझरची कॅशे क्लिअर करा.' ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रतींचा, म्हणजे कॅशेचा, इथे काय संबंध? वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या वेबॅक मशीन या साइटवर लेखाची जुनी प्रत सापडली, पण कन्व्हर्टरची झिप फाइल तिथे साठवलेली नाही.

लेख जुना आहे, ही सबब सांगू नये. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. २०२१-२२ साठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२२ होती. म्हणजे हा डेटा डिसेंबर २०२८ पर्यंत आम्हाला उघडता आलाच पाहिजे. साइट नव्याने बांधताना प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच्या नव्या पत्त्यावर ३०१ रीडायरेक्ट (आपोआप नेणारे कायमचे वळण) लावायचे असते, हे आपल्या तंत्रज्ञांना आम्ही सांगावे का? सगळे सरसकट मुखपृष्ठाकडे वळवले की काम उरकते, ग्राहकाचे मात्र अडते.

कन्व्हर्टरची फाइल कृपया ईमेलने तातडीने पाठवावी. रमीची लिंक आजच्या आज काढावी. आम्हाला आढळलेल्या इतर बंद लिंकची एक्सेल यादी सोबत जोडली आहे. जी फाइल कायमची काढली असेल तिथे तसे स्पष्ट लिहून पर्याय द्यावा.

येत्या सोमवारपर्यंत फाइल न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवावी लागेल.

कळावे,
आपला ग्राहक,
कर सल्लागार, इचलकरंजी