विषय : ओहोटीची चुकीची वेळ छापल्याबद्दल चौथी आणि शेवटची तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेशी माझं चौथ्यांदा बोलणं झालं आणि तेही 'तक्रार नोंदवून घेतली आहे' इथेच संपलं, म्हणून लेखी कळवते आहे. कॉटेज कुठलं आणि पुस्तिका कुठली, हे तुम्हाला सांगायला नको. दोन्ही तुमचीच आहेत.

माझी तक्रार हवामानाबद्दल नाही. हे मी चारही वेळा सांगितलं आणि चारही वेळा उत्तर मात्र हवामानाचंच मिळालं. पाच दिवसांत ऊन, धुकं, आडवा पाऊस, उभं राहू न देणारा वारा, सगळं अनुभवलं. समुद्राकाठी चालायला जाणाऱ्याला हे माहीत असतं. रेनकोट, जादा मोजे, टॉर्च, सगळं आमच्याजवळ होतं. माझी तक्रार पान 7 वरच्या एका ओळीबद्दल आहे : 'सकाळी 11 ते दुपारी 2 या वेळेत कड्याखालच्या पुळणीवरून पलीकडे जाता येते.'

त्या ओळीत तारीख नाही, वार नाही. रोज 11 ते 2.

ओहोटी रोज एकाच वेळी येत नाही. एका ओहोटीपासून दुसरीपर्यंत साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे वेळ दररोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. ज्या दिवशी कुणीतरी ती ओळ लिहिली, त्या दिवशी ती खरी असेल. आठवडाभरात ती उलटी झाली असणार, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या वेळेला तिथे भरती. समुद्रकाठची कॉटेजं भाड्याने देणाऱ्या कंपनीला हे माहीत नसेल, हे मला पटत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाऊस होता. आम्ही खिडकीत बसून वाट पाहिली, कारण पुस्तिकेप्रमाणे 2 वाजेपर्यंत वेळ होता. 11 नंतर उघडीप झाली तेव्हा मी, माझे पती आणि आमची 16 वर्षांची मुलगी निघालो. सव्वाबाराला पुळणीवर उतरलो. त्या दिवशीची ओहोटी 9 वाजून 50 मिनिटांनी होऊन गेली होती, हे मला घरी आल्यावर वेळापत्रक बघून कळलं. पौर्णिमा आदल्या दिवशी झालेली, म्हणजे उधाणाचं पाणी. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळपास अर्धी भरती येते. आम्ही नेमके तिसऱ्या तासात उतरलो होतो.

वीस मिनिटं चाललो असू, तेवढ्यात धुकं उतरलं. पंधरा पावलांपुढचं दिसेना. मुलगी म्हणाली, 'आई, आपल्या पावलांचे ठसे गेले.' मी मागे वळून पाहिलं. जिथून आलो होतो तिथे ठशांच्या जागी पाण्याचा पातळ थर होता, आणि तो कड्याकडे सरकत होता. पुढेही तेच. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दिसत नसलेला समुद्र. पाणी गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा माझ्या पतींना कड्यात एक गवताळ घळ सापडली आणि आम्ही हातापायांवर तिच्यातून वर चढलो. मुलीचा गुडघा फुटला. वर वारा होता, अंगावर ओले कपडे होते, आणि ती बोलताना अडखळायला लागली. अंगातली ऊब गेली की माणूस असं बोलतो, हे मला माहीत होतं. कॉटेजपर्यंतचा तो सव्वा तास मी विसरणार नाही.

कॉटेजवर आलो तर 'कपडे वाळवण्याची स्वतंत्र खोली' कुलूपबंद. किल्ली देखभाल करणाऱ्या माणसाकडे, तो येणार दिवसाआड. जाहिरातीत या खोलीचा फोटो आहे. मोबाईलला रेंज नाही हे तुम्ही आधी सांगितलं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

आता आजच्या फोनबद्दल. अकरा मिनिटं थांबवून ठेवल्यावर तुमचे 'वरिष्ठ अधिकारी' लाइनवर आले. मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, निसर्गावर कुणाचा कंट्रोल असतो का?" मी म्हटलं, भरतीची वेळ हा निसर्गाचा लहरीपणा नाही, तिचं वेळापत्रक वर्षभर आधी छापून मिळतं. ते म्हणाले, "पण मॅडम, त्या दिवशी वेदर खराब होतं ना?" मी म्हटलं, आकाश निरभ्र असतं तरी पाणी त्याच वेळी चढलं असतं. यावर ते क्षणभर गप्प बसले आणि म्हणाले, "बीचवर हॉलिडे घेतलात मॅडम, तर पाणी येणारच." मुलीच्या गुडघ्याला टाके पडलेत, हे मी सांगितलं. "ओके मॅडम. बाकी स्टे एन्जॉय केलात ना? पाचपैकी किती स्टार द्याल?"

मी फोन ठेवला नाही. ठेवायला हवा होता. मग त्यांनी पुढच्या बुकिंगवर 10 टक्के सवलत देऊ केली.

माझ्या मुलीची किंमत तुम्ही 10 टक्के लावलीत, आणि तीही आम्ही पुन्हा पैसे भरले तर.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून ओळखले गेलेले शास्त्रज्ञ, यांनी 1872 मध्ये भरती-ओहोटीच्या वेळा आधी सांगणाऱ्या यंत्राचा आराखडा केला. तेव्हापासून दीडशे वर्षं होऊन गेली. आणि तुमचे अधिकारी मला सांगतात, पाणी येणारच. येणारच, हे मलाही कळतं. किती वाजता येणार, ते पान 7 वर बरोबर छापायचं होतं.

तुमच्याकडे आम्ही तिसऱ्यांदा आलो होतो. सहा वर्षांपूर्वी तुमच्याच दुसऱ्या कॉटेजमध्ये दाराच्या मागे खिळ्याला एक वही टांगलेली असायची. त्यात रोजच्या भरती-ओहोटीच्या वेळा निळ्या शाईने लिहिलेल्या, आणि वारा समुद्राकडून असेल तर पाणी लवकर व जास्त चढतं, अशी सूचना लाल शाईत. त्या वहीच्या विश्वासावर आम्ही यंदाच्या पुस्तिकेवर विश्वास ठेवला. वही काढून चकचकीत पुस्तिका ठेवायचं कुणी ठरवलं, ते मला लेखी कळवा.

मुक्कामाची पूर्ण रक्कम आणि मुलीच्या उपचारांचा खर्च 15 दिवसांत परत करा. नाही केलात तर मी ग्राहक न्यायालयात जाईन. पुस्तिकेच्या त्या पानाचा फोटो, कुलपाचा फोटो आणि चारही कॉलच्या तारखा-वेळा माझ्याकडे आहेत.

पण पैशांना 15 दिवस लागले तरी चालतील, पान 7 ला नाही. तुमच्या वेबसाइटवर ते कॉटेज येत्या शनिवारपासून बुक झालेलं दिसतंय. ज्यांनी कुणी घेतलं असेल त्यांना आजच फोन करा आणि त्या पुळणीवर 11 ते 2 जाऊ नका, त्या दिवशीची ओहोटी बघून जा, असं सांगा. फोन केल्याचं मला उलट टपाली कळवा.

आपली,
एक ग्राहक